घरच्या स्विमिंग पूलचं क्लोरीन: मोजायचं कसं, टाकायचं किती, आणि जाळी-ब्रश-फिल्टर स्वच्छ कसे ठेवायचे

कर्जतजवळ आमचं छोटं घर आहे आणि त्याला तसाच छोटा पूल, २८ फूट बाय १२ फूट, उथळ बाजू साडेतीन फूट आणि खोल बाजू पाच. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सगळी भावंडं पोरांना घेऊन आली होती. सकाळी आठला पोरं पाण्यात उतरायची ती थेट जेवायलाच बाहेर यायची. चौथ्या दिवशी सगळ्यांचे डोळे लाल, धाकट्या भाचीचा कान ठणकायला लागला आणि पुलाच्या जवळ गेलं की तो उग्र वास. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, क्लोरीन जास्त झालंय, आता टाकू नका. आमच्याकडे जे जुनं किट होतं त्यात पण चांगला गडद पिवळा रंग आला, म्हणून दोन दिवस क्लोरीन पूर्ण बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी पायरीवर पाय ठेवला तर बुळबुळीत. मग डीपीडीचं किट मागवलं आणि आकडे बघून मला धक्काच बसला, फ्री क्लोरीन (जंतू मारायला मोकळं असलेलं) ०.३ पीपीएम आणि टोटल (वाया गेलेलं धरून) १.६. म्हणजे क्लोरीन जास्त झालेलं नव्हतंच, ते संपलेलं होतं आणि आम्ही उलट आणखी बंद केलं होतं.

हे नीट समजून घ्या कारण घरच्या पुलाचा सगळा गोंधळ इथेच होतो. पाण्यात टाकलेलं क्लोरीन घाम, लघवी, डोक्याचं तेल, सनस्क्रीन या सगळ्यांशी झुंजतं आणि त्यातल्या अमोनियासारख्या घटकांना चिकटून क्लोरामाईन तयार होतं. डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा त्याच्यामुळे, तो नाकात जाणारा वास पण त्याचाच. नीट ठेवलेल्या पुलाला वास जवळजवळ येतच नाही. आणि दुसरी गोष्ट, पाणी तळ दिसेल इतकं निळंशार असलं तरी त्यात जंतू असू शकतात, गाळून निघतो तो कचरा, जंतू मारायचं काम फक्त फ्री क्लोरीनचं. म्हणून मी आता डोळ्यांनी बघून आणि वास घेऊन काही ठरवत नाही, मोजतो.

आधी पुलात पाणी किती आहे ते काढा

हे एकदाच करायचंय, पण याच्याशिवाय पुढचा सगळा हिशोब हवेत. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटात. आमचं २८ × १२ × ४.२५, म्हणजे साधारण १,४२८ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे ४० हजार लिटरच्या आसपास. मीटरमध्ये मोजलं तर घनमीटर गुणिले १,००० केलं की लिटर. पंपरूमच्या दारामागे मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच.

पुढचा हिशोब सोपा आहे. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. ४० हजार लिटरमध्ये क्लोरीन एक पीपीएमने वाढवायचं तर ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. पण बाजारात शुद्ध मिळत नाही, म्हणून मालाच्या टक्केवारीने भागायचं. १० टक्क्यांचं लिक्विड असेल तर ४०० मिली, ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण ६० ग्रॅम, ९० टक्क्यांचं टीसीसीए (गोळ्या-पावडरमध्ये मिळणारं क्लोरीन) असेल तर ४५ ग्रॅम. तुमचा पूल २० हजार लिटरचा असेल तर निम्मं, ८० हजारचा असेल तर दुप्पट, एवढंच.

मोजणं

स्वस्तातलं जे किट सगळीकडे मिळतं त्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं, ते ओटीओ. ते टोटल क्लोरीन दाखवतं, फ्री किती आणि वाया गेलेलं किती हे वेगळं सांगत नाही, आमची फसगत त्यानेच झाली. डीपीडीचं किट घ्या, त्यात गोळी किंवा थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. पहिल्या गोळीने फ्री कळतं, त्याच पाण्यात दुसरी टाकली की टोटल. दोन्हींतला फरक म्हणजे क्लोरामाईन. फरक ०.४-०.५ च्या वर गेला की पुलाला शॉक द्यायची, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकायची वेळ झाली.

सँपल कडेचं वरवरचं पाणी घेऊ नका. कोपरभर हात आत घालून, जिथून फिल्टरचं पाणी परत पुलात येतं त्या तोंडापासून लांब, बाटली उलटी खाली नेऊन आत सुलटी करायची. सावलीत उभं राहून, पांढऱ्या भिंतीसमोर धरून रंग बघायचा. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि ती फार घातक आहे. क्लोरीन खूपच जास्त असेल, म्हणजे १० पीपीएमच्या वर, तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येतो आणि उडून जातो, पाणी पांढरं दिसतं. माणसाला वाटतं क्लोरीन शून्य आहे आणि तो आणखी ओततो. मी स्वतः शॉक दिल्यानंतरच्या सकाळी हे बघितलंय, गोळी पडल्या पडल्या बाटलीच्या तळाशी गुलाबी ढग उठला आणि डोळ्यांदेखत विरून गेला. असं दिसलं तर अर्धं पुलाचं पाणी अर्धं आरओचं पाणी मिसळून परत टेस्ट करा आणि आलेला आकडा दुप्पट धरा, तरीही रंग उडाला तर चार पट पातळ करा.

गोळ्यांची एक्सपायरी बघा. मागच्या मेमधल्या उरलेल्या गोळ्या, त्यातून दमट पंपरूममध्ये ठेवलेल्या, त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. किट घरात, कपाटात.

रोज पोहणं चालू असेल तर फ्री क्लोरीन आणि पीएच रोज एकदा, पाहुणे भरपूर असतील तर सकाळ-संध्याकाळ. घर बंद असेल तर आठवड्यातून दोनदा कोणाला तरी करायला लावा.

क्लोरीनच्या आधी पीएच

बरेच जण पीएचकडे बघतच नाहीत आणि नुसतं क्लोरीन ओतत राहतात. पीएच ७.२ असताना क्लोरीनचा साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या जोरदार रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि पीएच ८ झाला की जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे किटमध्ये आकडा तोच २, पण पाण्यातला जोर निम्म्याहून कमी. (पुलात सायन्युरिक ऍसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर असेल तर हे आकडे थोडे बदलतात, पण पीएच वर गेला की जोर कमी होतो हे तसंच राहतं.) ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचं. आपल्या अश्रूंचा पीएच पण साधारण ७.४, त्यामुळे डोळ्यांनाही तेच बरं.

पीएच वाढला असेल तर हायड्रोक्लोरिक ऍसिड, दुकानात नुसतं ऍसिड म्हणून जे साधारण ३० टक्क्यांचं मिळतं ते. आमच्या ४० हजार लिटरला मी एका वेळी २०० मिलीपेक्षा जास्त टाकत नाही. बादलीत आधी दहा लिटर पुलाचं पाणी, मग त्यात ऍसिड, कधीही ऍसिडवर पाणी नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला कडेकडेने ओतायचं, चार तासांनी परत मोजायचं, लागलं तर परत तेवढंच. पीएच कमी असेल तर सोडा ऍश, त्याचीही सुरुवात २०० ग्रॅमपासून.

पीएच रोज वरखाली उड्या मारत असेल तर अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) बघा, ८० ते १२० पीपीएम हवी. कमी असेल तर खायचा सोडाच टाकायचा, ४० हजार लिटरला १० पीपीएमने वाढवायला साधारण ७०० ग्रॅम. घाटावर बोअरचं पाणी जड असतं, कडेच्या टाईल्सवर पांढरा थर धरतो. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी उलट हलकं आणि जरा आंबट, तिथे अल्कलिनिटी कमी भरते आणि कधी कधी लोह असतं. असं लोह असलेलं पाणी भरून क्लोरीन टाकलं की पाणी चहासारखं तांबूस होतं, घाबरू नका, ते गाळात बसतं आणि फिल्टरमध्ये अडकतं, दोन-तीन बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं) लागतात. टँकरचं पाणी असेल तर प्रत्येक टँकरचं वेगळं निघतं, भरल्या दिवशी सगळं नव्याने मोजायचं.

कुठलं क्लोरीन घ्यायचं

लिक्विड, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, निळ्या कॅनमध्ये येतं, १० ते १२ टक्के. जड पाणी असेल तर मला हेच पसंत, कारण यातून पाण्यात कॅल्शियम वाढत नाही आणि लगेच मिसळतं. अडचण एकच, उन्हाने आणि उष्णतेने त्याचा जोर झपाट्याने जातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन महिन्याभरात किती उरेल सांगता येत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांपुरतंच घ्या, सावलीत ठेवा. दुकानात याला हायपो म्हणतात आणि इथे एक खबरदारी घ्या, हायपो नावाचे पांढरे खडे पण मिळतात, ते सोडियम थायोसल्फेट, ते क्लोरीन नष्ट करतं. नाव एक आणि काम अगदी उलटं, कोणाला आणायला पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून द्या.

कॅल्शियम हायपोक्लोराइट ६५-७० टक्के, दाणेदार, टिकतं चांगलं, पण कॅल्शियम वाढवतं. ग्रामपंचायतीची विहिरीत टाकायची टीसीएल पावडर पण आपल्याकडे सर्रास पुलात टाकतात, ती ३० टक्क्यांच्या आसपास आणि पोतं उघडं राहिलं तर त्याहून कितीतरी कमी. दुसरं काही मिळत नसेल तर चालेल, पण बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन फक्त वरचं निवळलेलं पाणी ओता, नाहीतर तळाला चुना साचतो.

टीसीसीएच्या गोळ्या आणि पावडर सगळ्यात सोयीच्या म्हणून सगळ्यात जास्त खपतात. २०० ग्रॅमची एक गोळी आमच्या पुलात हळूहळू साडेचार पीपीएम सोडते. पण प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक ऍसिड पण पाण्यात जातं, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं असलेलं चांगलंच, ३० ते ४० पीपीएम असेल तर क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, नाहीतर भर उन्हात तास-दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण ते उडत नाही, आटत नाही, साठत जातं. हिशोब करा, रोज दोन पीपीएम क्लोरीन टीसीसीएने दिलं तर सायन्युरिक रोज १.२ ने वाढतं, महिन्याला ३६, तीन महिन्यांत शंभरच्या पुढे. मग क्लोरीन त्याच्यात बांधलं जातं, किट ३ दाखवतं आणि तरीही पाणी हिरवं होतं. यावर उपाय एकच, थोडं पाणी काढून नवीन भरणं. म्हणून मी सीझनच्या सुरुवातीला टीसीसीए वापरून सायन्युरिक ३०-४० पर्यंत नेतो आणि मग लिक्विडवर येतो. आम्ही बाहेरगावी असताना तेवढी गोळी, ती पण तरंगत्या फीडरमध्ये. गोळी स्किमरमध्ये (कडेला वरवरचा कचरा ओढून घेणारं तोंड) ठेवायची नाही आणि तळाला टाकायची नाही, ती आम्लधर्मी असते, पंपाचे भाग आणि टाईल्सचं ग्राउट खाते.

रोजचं टाकणं

पुलात सायन्युरिक असेल तर फ्री क्लोरीन २ ते ४ मध्ये ठेवा, अजिबात नसेल तर १ ते ३. वेळ संध्याकाळची, ऊन गेल्यावर आणि पोरं बाहेर आल्यावर. आधी मोजायचं. समजा फ्री १.५ आलं आणि मला ४ पर्यंत न्यायचंय, फरक अडीच, म्हणजे अडीच गुणिले ४०० मिली, एक लिटर लिक्विड. पंप चालू, बादलीभर पाण्यात मिसळून, परतीच्या पाण्याच्या तोंडासमोर हळूहळू. ऍसिड टाकलं असेल तर मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. सकाळी परत मोजलं की कळतं, रात्रभरात एक पीपीएमपेक्षा कमी घटलं असेल तर पाणी ठीक आहे. रात्री ऊन नसतं, त्यामुळे जास्त घटलं तर पाण्यात काहीतरी क्लोरीन खातंय, शेवाळ नाहीतर घाण, मग पाणी स्वच्छ दिसत असलं तरी शॉक द्यायचा.

शॉकचा हिशोब: क्लोरामाईन जितकं त्याच्या दहा पट क्लोरीन. आमचं त्या मे महिन्यातलं १.३ होतं, दहा पट १३ पीपीएम, म्हणजे पाच लिटरच्या थोडं वर लिक्विड. आधी पीएच ७.२ वर आणला, सूर्य मावळल्यावर टाकलं, रात्रभर पंप चालू. अर्धवट शॉक देऊ नका, थोडं टाकलं तर क्लोरामाईन तसंच राहतं आणि वास उलट वाढतो. सकाळी फ्री ६ आणि टोटल ६.२ आलं, वास गेलेला. पोरं कडेला टॉवेल घेऊन बसली होती तरी ४ च्या खाली येईपर्यंत कोणाला उतरू दिलं नाही.

पंप रोज किती चालवायचा तर सगळं पाणी किमान एकदा, उन्हाळ्यात दोनदा फिल्टरमधून जाईल इतका. तासाला दहा हजार लिटरचा पंप असेल तर आमच्या पुलाला चार तासांत एक फेरी, म्हणून मे महिन्यात आठ तास. पंप बंद असताना टाकलेलं क्लोरीन एका कोपऱ्यात पडून राहतं.

आणि उतरायच्या आधी अंघोळ. मी यावर अजिबात ऐकून घेत नाही. डोक्याला खोबरेल तेल लावून उतरलेली चार माणसं कडेच्या टाईल्सवर तेलकट काळी रेघ आणतात आणि फिल्टरच्या वाळूचे गोळे करतात. पोरांना तासाभराने बाथरूमला पाठवा, मग लागो न लागो. धुळवडीला रंग लावून पुलात उडी मारायला मी सक्त मनाई केलीये, तो रंग क्लोरीनही खातो आणि फिल्टरही भरून टाकतो.

उपकरणं: इथूनच घाण परत येते

पाण्याचे सगळे आकडे बरोबर आणि तरी दर आठवड्याला त्याच कोपऱ्यात शेवाळ, असं असेल तर जाळी, ब्रश आणि व्हॅक्यूमचा पाईप बघा. मागच्या वर्षी आमचा पाईप ओलाच गुंडाळून पंपरूममध्ये पडला होता, तीन आठवड्यांनी लावला तर पहिल्या झटक्याला काळपट, घाण वासाचं पाणी थेट पुलात आलं. आत हात फिरवला तर चिकट थर. त्या थराच्या आत जंतू बसलेले असतात आणि वरून क्लोरीनचं पाणी गेलं तरी आतल्यांना फारसं काही होत नाही, म्हणून आधी घासायचं आणि मगच निर्जंतुक करायचं, हा क्रम चुकवू नका.

आठवड्यातून एकदा जाळी, ब्रश, व्हॅक्यूमचं तोंड, पाईप, सगळं भांड्याच्या साबणाने घासून साध्या पाण्याने पूर्ण धुवायचं. मग दहा लिटरच्या बादलीत १०० मिली लिक्विड क्लोरीन, ही साधारण १,००० पीपीएम होते, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. पाईपात हेच पाणी भरून दोन्ही टोकं वर बांधायची. नंतर साध्या पाण्याने धुवून पाईप उभा टांगायचा, पाणी पूर्ण निथळलं पाहिजे. बादलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, जोर गेलेला असतो. त्या बादलीत बाथरूम क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही, त्यातल्या ऍसिडने क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

पोरांच्या ट्यूब, फ्लोट, बॉल, जे ती तोंडातही घालतात, त्यांना कमी जोराचं, दहा लिटरला २० मिली, दहा मिनिटं, मग धुवून दोन्ही बाजूंनी सुकवायचं. ज्या रबरी बाहुल्यांना खाली भोक असतं त्यांच्या आत पाणी राहून काळी बुरशी धरते, त्या दाबून बघा, काळं निघालं तर टाकून द्या. हवा भरायचा छोटा बाळ-पूल असेल तर त्याला क्लोरीनच्या भानगडीत न पाडता वापर झाला की पाणी ओतून द्या, पुसून उलटा वाळत घाला. स्टीलची शिडी क्लोरीनमध्ये भिजवत ठेवू नका, फडक्याने पुसा आणि पाच मिनिटांत धुवा, नाहीतर डाग पडतात. शिडीच्या पायऱ्यांची खालची बाजू घासायला सगळे विसरतात, तिथे हात लावून बघा एकदा.

पूल साफ करायला बाहेरून माणूस येत असेल तर ब्रश आणि जाळी तुमचीच वापरायला सांगा. तो दिवसाला पाच-सहा पूल करतो, दुसऱ्याच्या पुलातलं शेवाळ ब्रशच्या केसांतून तुमच्याकडे येतं. त्याच जाळीने तळ्यातला किंवा कुंडातला पाला काढायचा नाही, ती वेगळी ठेवा.

आता फिल्टर. स्किमरची टोपली रोज, पंपाची स्ट्रेनर बास्केट आठवड्याला, पावसात पाला पडत असेल तर दिवसाआड. पंप बंद, दोन्ही व्हॉल्व बंद, मग झाकण. झाकणाची रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्याने काही रबर फुगतं. वाळूचा फिल्टर स्वच्छ असताना गेज किती दाखवतं ते मार्करने लिहून ठेवा, त्याच्यावर ०.५ बार चढलं की बॅकवॉश. पंप बंद करायचा, फिल्टरच्या व्हॉल्वचं हँडल बॅकवॉशवर, पंप चालू, काचेतून दिसणारं पाणी निवळेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं. परत पंप बंद, हँडल रिन्सवर, अर्धा मिनिट, मग फिल्टरवर. हे रिन्स लोक गाळतात आणि मग सुटा झालेला गाळ पुलात येतो. पंप चालू असताना हँडल कधीही फिरवू नका, आतलं गॅस्केट फाटतं. वर्षातून एकदा पंप बंद करून, हवा सोडून, झाकण उघडून वाळू बघा, तेलाने गोळे झाले असतील किंवा वरून खड्डे पडले असतील तर साफ करायची, आणि चार-पाच वर्षांनी वाळूच बदलायची.

पाणी हिरवं झालं किंवा पोराकडून पाण्यात झालं तर

हिरव्या पाण्यावर आपल्याकडे पहिला उपाय मोरचूद. शेवाळ मरतं खरं, पण तांबं पाण्यात राहतं, ग्राउटवर निळसर डाग पडतात आणि केसांना हिरवट छटा येते, शिवाय क्लोरीनचं काम तो करत नाही. मी वापरत नाही. पीएच ७.२, सगळ्या भिंती आणि कोपरे ब्रशने घासायचे, संध्याकाळी १० ते १५ पीपीएमचा शॉक, पंप चोवीस तास, दिवसातून दोनदा बॅकवॉश, आणि क्लोरीन पडलं की परत भरायचं. हिरवं पाणी राखाडी झालं की शेवाळ मेलं. मग हवं तर तुरटी, रात्रभर पंप बंद, सकाळी हँडल वेस्टवर ठेवून तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर, फिल्टरमधून नाही. तुरटीने पीएच उतरतो, परत मोजा.

लहान पोराने पाण्यात शी केली तर सगळ्यांना बाहेर काढा. घट्ट असेल तर जाळीने उचलून संडासात टाका, व्हॅक्यूम लावू नका. फ्री क्लोरीन २ किंवा वर, पीएच ७.५ किंवा खाली, आणि अर्धा तास कोणी उतरायचं नाही, जाळी पण तेवढा वेळ पाण्यातच ठेवा. पण जुलाब असतील तर गोष्ट वेगळी. त्यात क्रिप्टोस्पोरिडियम असू शकतो आणि तो नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवड्याहून जास्त जगतो. मारायला २० पीपीएम आणि बराच वेळ लागतो, आणि सायन्युरिक असेल तर तेही नीट होत नाही. घरचा छोटा पूल असेल तर उन्हाळ्यात मी सरळ रिकामा करून, घासून, नवीन पाणी भरेन. जुलाब झालेल्या पोराला थांबल्यानंतरही दोन आठवडे पुलात घेऊ नका, पाहुण्यांना हे वाईट वाटलं तरी स्पष्ट सांगा.

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या केसेस झाल्या तेव्हा बऱ्याच जणांनी मला पुलाबद्दल विचारलं. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध, नेग्लेरिया नावाचा, नाकातून जातो, कोमट साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि क्लोरीन कायम राखलेल्या पुलात टिकत नाही. मुद्दा कायम राखण्याचा आहे, शनिवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी ओतण्याचा नाही.

साठवण

हे सगळ्यात गंभीरपणे वाचा. एकदा मी घाईत एकाच मगाने दोन डब्यांतलं घेतलं. मगाच्या तळाला टीसीसीएचे ओले दाणे चिकटलेले होते, त्यावर कॅल्शियम हायपोक्लोराइट पडलं. चरचर आवाज आला, मग गरम झाला आणि पिवळट धूर यायला लागला. मी तो बाहेर मोकळ्या जागेत टाकून वाऱ्याच्या उलट बाजूला पळालो, दोन तास खोकत होतो. दाराआड, जास्त माल असता तर आग लागली असती. ही दोन्ही क्लोरीनच असली तरी एकमेकांत मिसळली की पेट घेऊ शकतात, स्फोट होऊ शकतो. प्रत्येक डब्याला वेगळा, कोरडा, रंगाने वेगळा मग. ऍसिड वेगळ्या खोलीत, किमान वेगळ्या भिंतीला आणि क्लोरीनच्या खाली. माल पंपरूममध्ये मोटरजवळ नको, सगळं लोखंड गंजतं. जागा हवेशीर, कोरडी, पोरांच्या हाताबाहेर, कुलूप लावून. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करायचं. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. घर सांभाळणाऱ्या काकांना मी हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावून दिलंय, कारण डब्यावरचं बारीक इंग्रजी कोण वाचणार.

पावसाळा

कर्जतच्या पावसात पुलाचं पाणी रोज पातळ होतं, क्लोरीन, अल्कलिनिटी, सायन्युरिक सगळंच उतरतं. म्हणून आता पोहायचं नाही तर पूल रिकामा करून ठेवू, असं करू नका. जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकाम्या पुलाला खालून दाब येतो, तळ फुगतो, भेगा जातात. भरलेला ठेवा, पंप रोज दोन-तीन तास, क्लोरीन १ च्या खाली जाऊ देऊ नका. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो, त्यामुळे पुलावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्यातलं पाणी पण दर आठवड्याला उपसायचं. दसऱ्याच्या सुमाराला ताडपत्री काढली की आधी पीएच, अल्कलिनिटी, सायन्युरिक, मग क्लोरीन, या क्रमाने मोजायचं, पाईप-जाळी-ब्रश घासून क्लोरीनच्या बादलीतून बुडवून काढायचे, आणि लागोपाठ दोन सकाळी फ्री क्लोरीन जागेवर राहिलं की मगच पोरांना फोन करायचा.